हिवाळ्यात गिझर बिघडत नाही, विसण बदलते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर आपण राहता, घरात चार माणसे आहेत आणि न्हाणीघरात 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर आहे. ऑक्टोबरपर्यंत पंधरा मिनिटे गिझर लावला की आंघोळीचे दीड बादली पाणी निघत असे. डिसेंबर संपता संपता तेवढ्याच वेळात एक बादलीही धड निघेनाशी झाली. घरी आलेल्या मेकॅनिकने कॉइल कमजोर झाल्याचे सांगून ती बदलण्याचा किंवा सरळ 25 लिटरचा नवा गिझर घेण्याचा सल्ला दिला. याच घरात एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारी गार पाण्याचा नळ सोडला तरी हाताला चटका बसतो. ही यंत्रणेतली एकच खोड आहे की दोन वेगळे बिघाड आहेत, असे आपण विचारले आहे.

गेली 27 वर्षे मी पुण्यात आणि आसपास सोसायट्यांच्या टाक्या, गिझर आणि सौरबंब यांची कामे करतो. दर जानेवारीत हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतेच. गिझर न पाहता तो निर्दोष आहे असे मी म्हणू शकत नाही. परंतु आपण दिलेले वर्णन बिघाडाचे नसून ऋतूचे आहे, आणि हिवाळ्यातली तक्रार व उन्हाळ्यातला चटका या दोहोंचे मूळ गच्चीवरच्या टाकीत आहे. कॉइलवर पैसे खर्च करण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा एक साधा थर्मामीटर विकत आणावा, ही माझी पहिली विनंती आहे.

प्रथम हिशेब पाहू, कारण तो पाहिल्याशिवाय मेकॅनिकचे म्हणणे खरे की खोटे हे ठरवता येणार नाही. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटमधून 860 किलोकॅलरी मिळतात. आपला 2 किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटांत अर्धे युनिट वीज घेतो, म्हणजे 430 किलोकॅलरी उष्णता पाण्यात सोडतो. ऋतू कोणताही असो, पंधरा मिनिटांत त्याच्याकडून यापेक्षा अधिक उष्णता मिळणार नाही. आंघोळीला साधारण 40 अंशांचे पाणी सुखाचे वाटते. ऑक्टोबरमध्ये सकाळी टाकीतले पाणी 26 अंशांवर असेल तर प्रत्येक लिटरला 14 अंश चढवायचे असतात, आणि 430 ला 14 ने भागले की 31 लिटर येतात. हे आपले दीड बादली पाणी. जानेवारीत तेच पाणी 15 अंशांवर आले तर प्रत्येक लिटरला 25 अंश चढवावे लागतात, आणि 430 ला 25 ने भागले की जेमतेम 17 लिटर उरतात. ही आपली न भरणारी बादली. वीज तेवढीच, गिझर तोच, कॉइलही तीच. पाणी मात्र जवळजवळ निम्मे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गिझरमध्ये जाणारे पाणी गार झाले एवढेच आपण धरतो, पण बादलीतल्या गरम पाण्यात मिसळायचे गार पाणी, म्हणजे विसणही, त्याच टाकीतून येते आणि तेही तितकेच गार झालेले असते. गिझरमधून 60 अंशांचे पाणी निघते असे समजा. विसण 28 अंशांचे असेल तर 20 लिटरच्या बादलीत साडेसात लिटर गरम पाणी पुरते आणि उरलेले साडेबारा लिटर विसण घालता येते. विसण 15 अंशांचे असेल तर त्याच बादलीला 11 लिटर गरम पाणी लागते. म्हणजे गरम पाणी तयार व्हायला वेळ अधिक लागतो आणि शिवाय ते अधिक प्रमाणात लागते. जुन्या घरांत तांब्याचा बंब पेटवणाऱ्या बायकांना हे हिशेबाशिवाय ठाऊक होते. थंडीत त्या बंबात चार ढलप्या जास्त सारत आणि घंगाळात विसण हात राखून घालत.

आता टाकीतले पाणी 15 अंशांपर्यंत का उतरते, ते पाहू. आपल्याकडे वर्षभर पाण्याचा मुक्काम तीन ठिकाणी असतो: रस्त्याखालची जलवाहिनी, इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. या तिघींचे ऋतुमान वेगवेगळे असते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतसा हवेच्या तापमानाचा चढउतार मंदावतो आणि उशिराने पोहोचतो. काही मीटर खोलीवर तर जमीन वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असते आणि ते तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, पुण्यात साधारण 25 अंशांच्या जवळ, असते. म्हणूनच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते. ते मुळात फारसे बदलत नाही, बदलते ती हवा आणि आपली त्वचा. रस्त्याखालची वाहिनी इतकी खोल नसते, त्यामुळे तिच्यातले पाणी थोडेफार बदलते. पण तेही सावकाश, आणि हवेच्या मागून.

गच्चीवरची टाकी याच्या अगदी उलट असते. तिला चारी बाजूंनी वारा लागतो आणि डोक्यावर उघडे आकाश असते. हिवाळ्यातल्या निरभ्र, कोरड्या रात्री टाकीची उष्णता वाऱ्याबरोबर जाते आणि आकाशाकडेही निघून जाते. म्हणूनच ढगाळ रात्रीपेक्षा चांदण्यांनी भरलेल्या रात्रीनंतरची सकाळ टाकीला जास्त गार करते. पुण्यात जानेवारीत पारा 10 ते 12 अंशांपर्यंत उतरणे नेहमीचे आहे आणि कधी तो त्याहून खाली जातो. 500 लिटरची प्लॅस्टिकची टाकी अशा रात्री झपाट्याने थंडावते. 10,000 लिटरची जाड काँक्रीटची टाकी त्या मानाने कमी थंडावते. त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या नातेवाइकांकडे तोच गिझर व्यवस्थित चालतो, हा पुरावा धरू नये. त्यांची टाकी कोणती आहे, ते आधी विचारावे.

काही वर्षांपूर्वी कोथरूड भागातल्या एका इमारतीत सगळ्या वरच्या मजल्यांची हीच तक्रार होती. जानेवारीतल्या एका पहाटे पावणेसहाला मी वॉचमनबरोबर गच्चीवर गेलो. टाकीच्या झाकणावर दव साचले होते आणि ते उचलताना बोटे बधिर होत होती. दोरीला बांधलेला थर्मामीटर आत सोडून पाच मिनिटे थांबलो. पारा 14 वर होता. तसेच खाली येऊन जमिनीखालच्या टाकीत तो सोडला, तर 22. झाकण उघडल्याबरोबर टाकीतून बारीक वाफ वर येत होती. एकाच इमारतीत, एकाच वेळी, सात मजल्यांच्या अंतराने आठ अंशांचा फरक होता. त्या इमारतीत रोज रात्री नऊ वाजता मोटर लावून गच्चीवरची टाकी भरून ठेवत असत, म्हणजे 22 अंशांचे पाणी वर चढवून रात्रभर थंडीत ठेवण्याची जणू व्यवस्थाच केलेली होती. मोटर पहाटे पाचला लावायला सांगितले. रात्री टाकीत कामापुरतेच पाणी शिल्लक ठेवायचे आणि पहाटे खालून भरायचे. पुढच्याच आठवड्यात तक्रारी खूप कमी झाल्या. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागला नाही. आपल्या सोसायटीत जमिनीखालची टाकी असेल तर सचिवांना हे सुचवून पाहावे. फक्त पहाटे मोटर लावणारा माणूस भरवशाचा हवा आणि त्या वेळी वीज नक्की असायला हवी. त्याची खात्री नसेल तर रात्री निम्मी टाकी भरून ठेवणे शहाणपणाचे.

उन्हाळ्यातला चटका हा याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. काळी टाकी ऊन शोषते, गच्चीची फरशी खालून तापवते, आणि भिंतीवरून उघड्यावर उतरणारे पाइप तर टाकीहूनही लवकर तापतात. म्हणून दुपारी नळ सोडल्यावर पहिले तांब्या-दोन तांबे पाणी सर्वांत कढत येते आणि मग किंचित सौम्य होते. ते पहिले पाणी पाइपात उन्हात उभे राहिलेले असते. पुण्यापेक्षा नागपूर, चंद्रपूर, अकोला या बाजूला हा त्रास कितीतरी अधिक आहे, कारण तेथे मे महिन्यात 42-43 अंश हे रोजचे तापमान असते. मुंबईत समुद्रामुळे थंडी-उन्हाळ्यातील तफावत कमी राहते, आणि तेथे जानेवारीतही गिझरवर एवढा ताण येत नाही.

उन्हाळ्यासाठी उपाय साधे आहेत. टाकीवर सावली करणे हा सर्वांत परिणामकारक. बांबू आणि शेतीला वापरतात ती हिरवी जाळी लावली तरी फरक कळतो, पण जाळी टाकीला चिकटू न देता वीतभर अंतर ठेवून बांधावी, म्हणजे मधून वारा खेळतो. टाकी पांढरी रंगवणे किंवा पांढरी टाकी घेणे हेही उपयोगाचे आहे. मात्र पांढऱ्या टाकीच्या आत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरते. उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, कारण 1000 लिटर पाणी तापायला जेवढे ऊन लागते त्याच्या पाचव्या हिश्श्यात 200 लिटर तापतात. हिवाळ्यात रात्री टाकी कमी भरा आणि उन्हाळ्यात दिवसा पूर्ण भरा, या दोन सूचना परस्परविरोधी वाटतात. पण दोन्हींमागे कारण एकच आहे. पाणी बाहेरच्या हवेच्या ताब्यात किती असावे आणि किती वेळ असावे, ते आपण ठरवायचे.

आणखी एक युक्ती मी माझ्या घरी दर वर्षी करतो. एप्रिल-मेमध्ये गिझरचे बटण बंद ठेवून पहाटे त्याचा गरम पाण्याचा नळ सोडतो, म्हणजे रात्रीचे निवलेले पाणी गिझरमध्ये भरले जाते. गिझरला सभोवती उष्णतारोधक आवरण असते आणि तो सावलीत असतो, त्यामुळे दुपारी गार पाण्याचा नळ चटका देत असताना गरम पाण्याच्या नळातून पंधरा लिटर सुसह्य पाणी मिळते. घरात लहान मूल असेल तर दुपारी हात-पाय धुवायला ते फार उपयोगी पडते.

पावसाळा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या दिवसांत तक्रारी कमीच असतात. ढगांमुळे दिवस फार तापत नाहीत आणि रात्री फार निवत नाहीत, त्यामुळे टाकीतले पाणी दिवसरात्र बहुधा एकसारखे राहते. त्रास होतो तो सौरबंबाला. ओळीने आठ दिवस सूर्य दिसला नाही तर पर्यायी विजेच्या कॉइलशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या काळात सौरबंब बिघडला म्हणून माणूस बोलावू नये.

आपण सौरबंबाबद्दल विचारलेले नाही, तरी पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत तो असल्यामुळे दोन शब्द लिहितो. हिवाळ्यात पुण्याचे आकाश स्वच्छ असते, त्यामुळे ऊन चांगले मिळते. पण सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून बंबाचा ऊन शोषणारा भाग, म्हणजे संग्राहक, दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या साडेअठरा अंश अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश अधिक तिरका बसवतात. म्हणजे ज्या महिन्यांत गरम पाण्याची गरज जास्त, त्याच महिन्यांत ऊन सरळ पडते. पाणी कमी गरम मिळण्याचे हिवाळ्यातले मोठे कारण वेगळेच असते. संध्याकाळी भांडी आणि कपडे यांसाठी बंबातले पाणी काढले की त्याच्या जागी थंड पाणी शिरते आणि सकाळपर्यंत ऊन नसल्यामुळे ते तसेच राहते. सकाळची आंघोळ महत्त्वाची असेल तर थंडीत संध्याकाळी हा नळ जपून वापरावा. शिवाय गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंतच्या 20 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर दहा मीटरला सुमारे तीन लिटर पाणी उभे असते आणि रात्रभरात ते पूर्ण गार होते. सात मजले उतरताना सहा-साडेसहा लिटर थंड पाणी आधी येणारच. ते वेगळ्या बादलीत धरावे आणि विसणाला वापरावे.

आता आपल्या गिझरकडे येऊ. तो खरोखर बिघडला आहे का, हे घरीच तपासता येते. सकाळी गार पाण्याच्या नळाचे पाणी मिनिटभर वाहू देऊन त्याचे तापमान घ्यावे. गिझरमधले जुने पाणी काढून टाकून तो ताज्या पाण्याने भरावा, बटण लावावे आणि तापवण्याचा दिवा विझेपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे. दिवा विझल्यावर गरम पाण्याच्या नळाखाली तांब्या धरून त्यातले तापमान घ्यावे. आता लिटर गुणिले चढलेले अंश गुणिले 7, भागिले 100, आणि पुन्हा भागिले किलोवॅट, एवढा हिशेब केला की लागायला हवी ती मिनिटे मिळतात. आपल्या गिझरसाठी 15 वरून 60 अंशांपर्यंत जायला सुमारे 24 मिनिटे येतात. 30 अंशांच्या पाण्यापासून सुरुवात केली असती तर हेच काम 16 मिनिटांत झाले असते. म्हणजे ऑक्टोबरची पंधरा मिनिटांची सवय जानेवारीत लागूच पडत नाही.

आपल्याला 24 च्या आसपास मिनिटे लागली तर कॉइल ठणठणीत आहे. 30 ते 32 मिनिटे लागली तरी कॉइलला दोष देण्याआधी विजेचा दाब पाहावा. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारी कॉइल 200 व्होल्टला जेमतेम 1500 वॅट देते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. थंडीत सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत साऱ्या वसाहतीचे गिझर एकदम चालू असतात आणि काही भागांत दाब खरोखर उतरतो. तीच चाचणी दुपारी तीनला करून पाहावी. दुपारी वेळ बरोबर आला आणि सकाळी जास्त लागला, तर कारण आपल्या घरात नाही. दिवा विझला, पण नळाला पाणी 45-50 अंशांचेच आले, तर ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट कमी अंशांवर लावलेला आहे किंवा बिघडला आहे. दिवा दीड तास जळत राहिला आणि पाणी तापलेच नाही, तरच कॉइल गेली असे म्हणावे.

मेकॅनिकने कॉइल कमजोर झाल्याचे म्हटले, त्याबद्दल स्पष्ट सांगतो. कॉइल सहसा हळूहळू कमजोर होत नाही. ती चालते किंवा जळते. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो हे खरे, आणि त्यामुळे गिझर तापताना सूं-सूं किंवा कडकड असा आवाज करतो. पण त्या थराने पाणी तापायला फार वेळ लागतो असा समज आहे, तो बरोबर नाही. कॉइलने घेतलेली वीज शेवटी पाण्यातच उतरते. नुकसान होते ते कॉइलचे. थराखाली ती स्वतः जास्त तापते आणि वेळेआधी जळते. थर्मोस्टॅटच्या नळीभोवती थर बसला तर तो चुकीचे तापमान समजतो. म्हणून बोअरच्या पाण्यावर चालणारा गिझर दोन वर्षांनी एकदा उघडून साफ करून घ्यावा आणि गिझरला गंजण्यापासून वाचवणारी आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलावी. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ग्राहकाच्या सांगण्यावरून, पाण्याचे तापमान न मोजता, चांगल्या कॉइली बदलून दिल्या आहेत. त्याची मला आजही खंत आहे, आणि म्हणूनच थर्मामीटरचा आग्रह धरतो.

थंडीत आणखी एका गोष्टीने लोक घाबरतात. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळू लागते. पाणी 15 वरून 60 अंशांवर गेले की ते सुमारे दीड टक्क्याने फुगते; 15 लिटरला पाव लिटरच्या आसपास. गिझरमध्ये पाणी येण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारी झडप, असेल तर या फुगलेल्या पाण्याला मागे जायला जागा नसते आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. तापताना गळणे आणि तापून झाल्यावर थांबणे हे योग्य आहे. तो व्हॉल्व्ह कोणी बूच मारून बंद केला असेल तर मात्र तो त्याच दिवशी पूर्ववत करून घ्यावा. बंद व्हॉल्व्हचा गिझर फुटू शकतो.

नवा 25 लिटरचा गिझर घ्यावा का, हे आपल्या घरातल्या सकाळच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. जानेवारीत 20 लिटरच्या एका बादलीला 500 किलोकॅलरी लागतात आणि 2 किलोवॅटचा गिझर तेवढी उष्णता साडेसतरा मिनिटांत देतो. 15 लिटरचा गिझर 60 अंशांपर्यंत भरून तापला की त्यात सव्वा बादलीचा साठा असतो, 25 लिटरच्यात सव्वादोन बादल्यांचा. प्रत्यक्षात आत शिरणाऱ्या गार पाण्यामुळे दोन्ही आकडे थोडे कमीच धरावेत. दोन आंघोळींमध्ये वीस मिनिटे जात असतील तर आपला आहे तोच गिझर चौघांना पुरेल, फक्त पहिल्या आंघोळीआधी तो पंचवीस मिनिटे लावावा आणि मग चालूच ठेवावा. शाळा आणि ऑफिस यांमुळे दोघांना लागोपाठ आंघोळ करावी लागत असेल, तर मोठा गिझर जरूर घ्यावा. मोठा गिझर साठा वाढवतो, तापवण्याचा वेग वाढवत नाही. त्याचीही कॉइल बहुधा 2 किलोवॅटचीच असते आणि चौघांच्या आंघोळींना सव्वादोन युनिटांहून थोडी अधिक वीज दोन्हींत लागणार. उन्हाळ्यात 30 अंशांच्या पाण्यावर हेच काम एका युनिटमध्ये होते. जानेवारीचे वीजबिल का फुगते, याचे उत्तरही येथेच आहे.

तीन लिटरचा, 3 किलोवॅटचा छोटा गिझर घेण्याचा विचार असेल, तर मी पुण्यासाठी तो स्वयंपाकघरापुरताच सुचवतो. 15 अंशांच्या पाण्यावर तो 40 अंशांची धार मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. बादली भरायला साडेअकरा मिनिटे, आणि शॉवर तर विसरावाच. गॅसचा गिझर यापेक्षा कितीतरी वेगवान असतो, पण तो न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. थंडीत लोक खिडकी लावून घेतात, हवा कोंडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू साठून माणसे दगावतात. गॅस गिझर बाहेर, उघड्या हवेत असावा. यावर मी कोणत्याही ग्राहकाशी तडजोड केलेली नाही आणि आपणही करू नये.

थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा, हे विचारले जाते म्हणून सांगतो. मी 60 सुचवतो. 25 ते 45 अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि 60 अंशांवर ते टिकत नाहीत. पण 60 अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत मोठ्या माणसाची त्वचा भाजते. लहान मुलांना आणि वृद्धांना त्याहून लवकर. म्हणून बादलीत नेहमी आधी विसण आणि मग गरम पाणी घालावे. आपल्या आजीची ही सवय होती, ती मोडू नये. उन्हाळ्यात टाकीतले पाणीच 35-40 अंशांवर जाते तेव्हाही जिवाणूंना तेच तापमान मिळते, आणि क्लोरिन गरम पाण्यात लवकर उडून जातो. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी पिण्यास वापरू नये. थेट येणाऱ्या नळाचे वापरावे, आणि एप्रिल लागण्यापूर्वी टाकी घासून घ्यावी.

घरात पिण्याचे पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असेल तर त्यावरूनही पाण्याचा ऋतू कळतो. पाणी गार झाले की त्याच्या पडद्यातून गाळले जाण्याचा वेग दर अंशाला सुमारे तीन टक्क्यांनी घटतो, त्यामुळे जानेवारीत त्याची छोटी टाकी भरायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यासाठी पडदा बदलू नये. आणि थर्मामीटर येईपर्यंत खोबरेल तेलाच्या बाटलीकडे पाहावे. ते साधारण 24 अंशांना थिजते. न्हाणीघराच्या फळीवरचे तेल सकाळी घट्ट दिसू लागले की विसण 24 च्या खाली उतरले आहे असे समजावे आणि त्या दिवसापासून गिझर आठ-दहा मिनिटे जास्त लावावा.

या रविवारी सकाळी चाचणी करून मला तीन आकडे कळवावेत: गार पाण्याचे तापमान, दिवा विझायला लागलेली मिनिटे आणि गरम नळाचे तापमान. सोबत टाकी प्लॅस्टिकची की काँक्रीटची, आणि मोटर किती वाजता लागते, हेही लिहावे. तोपर्यंत कॉइल बदलून घेऊ नये.